पहिल्या पाण्याचा मान

यंदा वैशाखात दत्ताराम गुरवाने पहिल्या पाण्याचा विडा चुकून भलत्याच गव्याच्या मादीला दिला, आणि त्या सकाळपासून कुंभवण्याच्या रानातल्या दुसऱ्या एकाही जनावराने पाण्याला तोंड लावलं नाही.

कुंभवणे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, अगदी रानाला पाठ टेकून बसलेलं. गावाच्या वर, ओढ्यात, सातीचा डोह आहे. पावसाळ्यात सगळं रानच पाण्यात असतं, तेव्हा या डोहाला कुत्रं विचारत नाही. त्या दिवसांत जनावरं एकमेकांना ओळखही देत नाहीत. भेकर सांबराच्या अंगाला घासून जाईल, पण रामराम म्हणणार नाही. दिवाळीनंतर वरचे झरे बारीक व्हायला लागतात, तशी मान हलवून ओळख दाखवायला सुरुवात होते. माघात एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी होते. शिमगा आटपून चैत्र लागला की पाणी एकट्या सातीच्या डोहात उरतं, आणि मग काय विचारता! रानात परकं असं कोणी राहतच नाही. रानडुकरीण सांबराची मावशी निघते. साळिंदर सांगत फिरतं की आपण वानरांचे चुलतमामा. बिबट्या तर अख्ख्या रानाचा जावई. त्याला पाऊस पडेपर्यंत भेकरंसुद्धा ‘जावईबापू’ म्हणतात, आणि तोही तेवढे दिवस डोहाच्या काठी कोणावर डोळा ठेवत नाही. पाणी आटत जातं तशी नाती दाट होत जातात. यात माया किती आणि पाणी किती, असं कोणी विचारू नये. माणसांत तरी कुठे विचारतात?

नाती आली की मानपान आलेच. डोहावर कोणी आधी प्यायचं, कोणी मागून, हे ठरलेलं आहे. पहिलं पाणी गव्यांच्या थोरलीचं. ती तोंड लावेपर्यंत कोणी पुढे यायचं नाही, आणि त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या पायरीने यायचं. कोणाला ओलांडून जाण्याची रीत नाही. वरच्याने घोट घेतल्याशिवाय खालच्याला घेता येत नाही. या एका रीतीमुळे सातीच्या डोहावर आजवर रक्त सांडलेलं नाही, असं गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांच्या स्वतःच्या पालखीला मात्र मानावरून दोनदा पोलीस बोलवावे लागले होते.

अक्षय्य तृतीयेला गावच्या गुरवाने डोहावर जाऊन थोरलीपुढे विडा ठेवायचा. तिने तो खाल्ला की त्या सालचा मान पक्का. तोवर गेल्या सालचा चालतो. खाल्लेला विडा परत घेता येत नाही, आणि दुसरा देता येत नाही.

कुंभवण्यात घराघरांतूनही हीच रीत आहे. सकाळी हंडा भरून आला की पहिलं पाणी घरातल्या थोरल्या बाईने घ्यायचं. तिच्यामागून बाकीच्यांनी. जनावरांनी हे माणसांकडून उचललं की माणसांनी जनावरांकडून, यावर गावात दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

दत्तारामच्या घरात हा मान त्याच्या बायकोकडे, प्रभावतीकडे, गेल्या दिवाळीपासून आला होता. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ असं म्हणतात. पण प्रभावतीच्या बाबतीत सासूचे चार दिवस पंचवीस वर्षं चालले. सासू भागीरथीबाई दिवाळीच्या आधी गेल्या, तेव्हा प्रभावतीचे स्वतःचे केस पिकायला लागले होते. आता कुठे आमटीत कोकम किती घालायचं ते ती ठरवत होती. सणाला साडी कुठली नेसायची ते ती ठरवत होती. आणि सकाळचा पहिला पेला तोंडाला लावून, दारात उभी राहून, सावकाश संपवत होती. एवढंच सुख. पण ते तिचं होतं, आणि तिने ते पुरेपूर भोगायचं ठरवलं होतं.

विडा देण्याच्या दिवशी तबक धरायचा मानही सासूमागून तिच्याकडेच आला. त्या सकाळी ती नवऱ्याच्या मागोमाग डोहावर गेली. जनावरं आपापल्या पायरीने उभी होती. पाण्याजवळच्या मानाच्या दगडापाशी गव्याची एक मादी उभी होती. धिप्पाड, कातडी तुकतुकीत, पायांतले पांढरे मोजे स्वच्छ. दत्तारामने तिच्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि तबकातला विडा उचलला.

प्रभावतीने मात्र तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि लाकडं आणायला रानात जाताना भेटणाऱ्या थोरलीचं तोंड तिच्या ओळखीचं होतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ही नव्हे...”

“गप्प गो! विडा देताना मध्ये बोलायचं नसतं,” दत्ताराम म्हणाला, आणि त्याने विडा दगडावर ठेवला.

त्या मादीने तो खाल्ला.

“चुना जरा जास्त झालाय,” ती म्हणाली.

तेव्हा मागच्या करवंदीच्या जाळीतून थोरली बाहेर आली. ती यंदा इतकी खंगली होती की बरगड्या मोजून घ्याव्यात. एरवी तिला वाटेत थांबावं लागत नसे. यंदा तीन ठिकाणी बसत बसत आली होती, म्हणून उशीर झाला. दत्ताराम दरवर्षी तिच्या आकारमानाला विडा देत आला होता. तोंड नीट बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

थोरलीने त्या दुसरीच्या रंगलेल्या ओठांकडे पाहिलं.

“विडा कोणाला दिला?” तिने विचारलं.

“चूक झाली,” दत्ताराम म्हणाला.

“मी ते विचारलं नाही. कोणाला दिला?”

“हिला.”

“मग झालं,” थोरली म्हणाली, आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

ती दुसरी आदल्या रात्रीच डोंगरापलीकडून आली होती. तिकडे धरण झालं आणि तिचं रान पाण्याखाली गेलं. तिच्या मुलखात पाण्याला कधी तोटाच नव्हता, त्यामुळे तिथे कोणी कोणाचं काही लागत नसे. मान, पायरी, मावशी, जावई यांतलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिला रिकामी जागा दिसली, ती उभी राहिली. तिला कोणी नाव दिलं नव्हतं म्हणून सगळे तिला ‘धरणाकडची’ म्हणू लागले. ती पोटभर पाणी प्यायली, मागे झाली, आणि आता दुसरी पायरी आली. दुसऱ्या पायरीवर आता थोरली होती. थोरली पिईना आणि जागाही सोडीना. तिच्या मागे रानडुकरीण, तिच्यामागे सांबर, मग जावईबापू, वानरं, भेकरं आणि सगळ्यात शेवटी साळिंदर, असे सगळे पाण्याकडे तोंड करून उभेच्या उभे राहिले. दुपार झाली तरी कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. जनावरांना जागा सोडता येत नव्हती, म्हणून गावकीच डोहावर गेली. गावकर, म्हणजे गावकीचा प्रमुख, विश्राम घाग सावलीतल्या कातळावर बसला. हा विश्राम म्हणजे गावातल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणणारा माणूस. त्यामुळे त्याच्याकडे भांडणं खूप येत.

आधी त्याने धरणाकडचीला विचारलं, की मान सोडता येईल का.

“मला मान नकोच होता,” ती म्हणाली. “मला पाणी हवं होतं. पण दोन दिवस मी इथली तऱ्हा बघत्येय. आता दिलेला मान सोडला तर उद्या मला तुम्ही साळिंदरामागेही उभं करणार नाही.”

“तुमचं बरोबर आहे,” विश्राम म्हणाला. साळिंदरानेही मान डोलावली.

मग सोयरिकीचा मुद्दा निघाला. थोरलीचा मुलगा वरच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, एकटाच फिरत असतो. त्याच्याशी धरणाकडचीचं जमवलं तर मान सुनेचा, म्हणजे घरातच राहील. थोरलीने मान न वळवताच उत्तर दिलं. “माझा मान सुनेच्या पदराला बांधून परत येणार असेल तर मला तो नको.”

“हेही बरोबर आहे,” विश्राम म्हणाला.

कोणीतरी दत्तक घेण्याचं सुचवलं. दत्तकविधीत दत्तकाला मांडीवर बसवावं लागतं. विश्रामने धरणाकडचीकडे पाहिलं, थोरलीच्या मागच्या पायांकडे पाहिलं, आणि तो मुद्दा पुढे ढकलला.

तेव्हा साळिंदर खाकरलं. त्याची पायरी शेवटची असल्यामुळे रांगेच्या कायद्याचा अभ्यास त्याच्याइतका कोणाचा नव्हता. ज्याला सगळ्यात उशिरा मिळतं त्याला कायदा पाठ असावाच लागतो.

“माझ्या पणज्याच्या वेळी एका सांबरीच्या बाबतीत असंच झालं होतं,” ते म्हणालं. “जी घरून पहिलं पाणी पिऊन आली, तिला डोहावर दुसरं पाणी घ्यायला कमीपणा नाही. तिथे ती फक्त ओठ ओले करते. तहान घरच्या मानाने भागलेली असते. तेव्हा थोरलीला कुठल्यातरी घरात पहिलं पाणी मिळालं पाहिजे, म्हणजे सगळं सुटलं.”

“कोणाच्या घरात?” विश्रामने विचारलं.

“ज्या हाताने विडा चुकला, त्या हाताच्या घरात.”

सगळ्यांनी दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने जमिनीकडे पाहिलं.

“घरातलं पहिलं पाणी माझं नाही,” तो म्हणाला. “बाईमाणसाचं असतं.”

मग सगळ्यांनी प्रभावतीकडे पाहिलं.

“म्हणजे काय?” प्रभावती म्हणाली, खरं तर तिला कळलं होतं.

“वहिनी, थोरली तुमच्या घरची थोरली होणार,” विश्राम समजुतीच्या सुरात म्हणाला. “सकाळचं पहिलं पाणी ती घेणार, तुम्ही तिच्यामागून. एवढंच. बाकी सगळं आहे तसंच राहील.”

“बाकी राहतंय काय? म्हणजे सरळ सांगा ना, मला सासू आणताय!”

“तसं नाव घ्यायलाच हवं असं नाही.”

“नाव नाही घेतलं म्हणून सासू टळते होय? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! घोडं तरी परवडलं हो.”

काही बायकांनी पदर तोंडाला लावला. विश्राम हसला नाही. “हे बघा, मान कोणाकडून काढून घेता येत नाही. तुम्ही तो तुमच्या हाताने द्यायचा आहे. नाही म्हणालात तर गाव तुम्हाला काही बोलणार नाही.”

“आणि नाही म्हटलं तर यांचं काय?”

याचं उत्तर साळिंदराने दिलं. “ते सोपं आहे. थोरली आणखी दोन दिवस काढील. ती पडली की रांग एक पायरी वर सरकेल आणि बाकीचे पाणी पितील. तोवर जे उभे असतील ते.” ते हे कुठलाही राग न धरता म्हणालं. भेकरांतलं एक पाडस आईच्या पोटाखाली बसलं होतं आणि त्याची जीभ बाहेर आली होती. बिबट्या त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता आणि त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

प्रभावती घरी आली ती तडतडतच. भांडी आपटली, चूल फुंकली, तांदळात पाणी जास्त झालं. दत्ताराम पाटावर येऊन बसला आणि ताटात वाढलेला गिचका भात मुकाट्याने खाऊ लागला.

“तुम्ही काही बोलत का नाही?” ती शेवटी म्हणाली.

“मी काय बोलू? माझ्याच हातून झालं. कुठल्या तोंडाने तुला सांगू, की दे म्हणून? आईच्या हाताखाली तुझं काय झालं ते मी रोज बघत होतो.”

“बघत होतात?”

“हो.”

“मग तेव्हा का बोलला नाहीत?”

दत्तारामने घास तसाच हातात धरला. “मध्ये बोलायची रीत नव्हती,” तो म्हणाला.

प्रभावतीला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. पंचवीस वर्षं तिची अशी समजूत होती की याला काही दिसत नाही. दिसत नाही म्हणून तिने त्याला माफही करून टाकलं होतं. आता सगळं दिसत होतं म्हणतो! तिने त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला, गिचका तो गिचका, आणि पायांत चपला घालून डोहाची वाट धरली.

ऊन रणरणत होतं. डोहावर गावचं कोणी उरलं नव्हतं. जनावरं जागच्या जागी उभी होती. रानडुकरिणीची पिल्लं एकावर एक निजली होती आणि ती स्वतः उभ्याउभ्या डुलत होती. प्रभावती थोरलीच्या समोर जाऊन कातळावर बसली.

“एक घोट घेतलात तर काय होईल?” ती म्हणाली. “तुमच्यापायी सगळं अडलंय.”

“काही होणार नाही,” थोरली म्हणाली. “तहान भागेल.”

“मग घ्या ना! सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही का?”

थोरलीने जड मान वर उचलली. बोलायलाही तिला कष्ट पडत होते.

“मी मावशीच्या मागे उभी राहून पाणी प्यायले,” मग ती म्हणाली. “किती उन्हाळे, मोजले नाहीत. मावशी डोहात पाय घालून प्यायची. चारही. मग मागे आम्हाला चिखल. मावशी गेली त्या साली मी पहिल्यांदा स्वच्छ पाणी प्यायले. तेव्हा कळलं, की या पाण्याला चवच नाही. इतके दिवस मला वाटायचं की पाणी मातकट लागतं.”

प्रभावतीला सासूचा चहा आठवला. भागीरथीबाई स्वतःचा चहा झाला की त्याच पावडरीत पाणी ओतून ते सुनेसाठी उकळवायच्या. त्यांच्या तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर, प्रभावतीने ताज्या पावडरीचा कपभर चहा एकटीसाठी केला आणि चुलीपुढे बसून पिता पिता हुंदके देऊन रडली. शेजारणी म्हणाल्या, बघा, सासूवर किती माया होती. तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. ते आताही सांगितलं नाही, पण थोरली तिच्याकडे अशी बघत होती, की सांगायची गरज नव्हती.

“मग तुम्ही वर आल्यावर मागच्यांना स्वच्छ पाणी दिलंत की नाही?” प्रभावतीने विचारलं.

थोरलीने विचार केला. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता.

“नाही,” ती म्हणाली. “पाय मीही घातले.”

“का?”

“पायांना गार वाटतं.”

या उत्तराचा प्रभावतीला संताप यायला हवा होता. प्रत्यक्षात तिला हसू फुटलं. ती पदर तोंडावर धरून हसली, मग तो डोळ्यांवर नेला. पंचवीस वर्षांत भागीरथीबाईंनी तिला एवढं खरं एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांनीही चहा असाच ओतला असणार, आपल्याला बरं वाटतं म्हणून. आणि त्यांच्या आधीच्या सासूनेही. मागे रानडुकरीण ऐकत होती. ती म्हणाली, “पाय सगळेच घालतात गो बाय,” आणि पुन्हा डुलायला लागली.

उन्हं डोहाच्या पलीकडे सरकली तरी प्रभावती तिथेच बसून होती. नाही म्हणायला तिला कोणी अडवलं नव्हतं. रीत तिच्या बाजूने होती. दिवाळी ते वैशाख, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ते हातचं जाऊ नये असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. आपल्या पाणी न देण्याने ही मेली तर पहिला पेला आपल्या घशाखाली उतरेल का, हेही तिने स्वतःला विचारून पाहिलं. उतरेल, असं उत्तर आलं. पहिले काही दिवस नाही, मग उतरेल. माणूस सवयीचा असतो. हे तिला स्वतःबद्दल कळलं, आणि आवडलं नाही.

ती उठली आणि पदर झटकला.

“उद्या सकाळी या,” ती थोरलीला म्हणाली. “ऊन चढायच्या आत. आणि एक सांगून ठेवते, माझ्या हंड्यात पाय घालायचे नाहीत.”

“बघू,” थोरली म्हणाली.

सकाळी गाव गुरवाच्या अंगणाच्या कडेने जमलं. थोरली आली, तिला उतार उतरायला वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही. पडवीच्या दोन पायऱ्या ती आधी पुढचे पाय ठेवून चढली. शिंगं दारात मावेनात म्हणून हंडा उंबऱ्यावर आणून ठेवावा लागला. एवढ्याने विधी अपुरा ठरतो का, असं विश्रामने साळिंदराला विचारून घेतलं होतं. साळिंदर रांग सोडून येऊ शकत नव्हतं, त्याने ‘चालेल, आणि मान घ्यायला गेलेल्याची जागा राखीव असते’ असा निरोप पाठवला होता. दत्तारामने थोरलीला हळदकुंकू लावायला पुढे केलेला हात मध्येच थांबवला आणि या वेळी तोंड नीट निरखून पाहिलं. मग लावलं. मग तो खाली वाकला आणि तिला ‘आई’ म्हणाला. सगळं साधंच होतं, वाजंत्री नव्हती.

आता प्रभावतीने द्यायचं होतं. तिने पदर डोक्यावरून घेतला. हा पदर तिने दिवाळीपासून डोक्यावर घेतला नव्हता, त्यामुळे तो एकदा घसरला, पुन्हा सारखा केला. तिने दोन्ही हातांनी हंडा पुढे सरकवला आणि म्हणाली, “घ्या.” तिच्या तोंडून नातं काही निघालं नाही. विश्रामने तिच्याकडे पाहिलं, पण ‘घ्या’ एवढंही पुरतं, असं त्याने ठरवलं असावं.

थोरली प्यायली. गावातल्या कोणीही कुठल्या सासूला इतका वेळ पाणी पिताना पाहिलं नव्हतं. हंडा अर्ध्यावर आला, मग तळ दिसला. तिच्या पोटावरची कातडी हलत होती. प्यायचं थांबली तेव्हा तिने तोंड तसंच हंड्यात ठेवून एक श्वास घेतला, आणि तो आवाज हंड्यातून मोठा होऊन अंगणभर आला. अंगणाच्या कडेच्या दोघीतिघींनी डोळे पुसले, का ते कोणालाच नक्की सांगता आलं नसतं.

मग ती डोहावर गेली. रीतीप्रमाणे सून तिच्यामागून चालत गेली. धरणाकडची मानाच्या दगडापाशी उभी होती. तिने घोट घेतला आणि बाजूला झाली. जाता जाता तिने थोरलीला विचारलं, “आता मी तुमची कोण?”

“ते पाऊस किती लांबतो त्यावर आहे,” थोरली म्हणाली. मग ती दुसऱ्या पायरीवर गेली आणि तिने पाण्यात फक्त ओठ बुडवले.

रांग हलली. रानडुकरीण धावली, तिच्यामागे पिल्लं एकमेकांना तुडवत धावली. सांबराने पाणी घेतलं. जावईबापूंनी घेतलं आणि जाताना पाडसाला वाट दिली. वानरं प्यायली, भेकरं प्यायली. साळिंदराची पाळी आली तेव्हा पाणी गढूळ झालं होतं. तरी ते बराच वेळ प्यायलं आणि ‘नियमाप्रमाणे झालं’ असं म्हणालं.

प्रभावती घरी परतली. डोक्यावरचा पदर तिने वाटेत खाली घेतला, मग अंगणाजवळ आल्यावर पुन्हा वर घेतला. दुपारी ती पडवीत बसून तांदूळ निवडत होती. दत्ताराम दिवाबत्तीच्या वाती वळत होता आणि सकाळपासून तिच्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. तेवढ्यात अंगणात मोठी सावली पडली. थोरली आली होती. घर तिचं होतं, ती कधीही येऊ शकत होती. ती पायऱ्या चढली, आता सकाळपेक्षा सोप्या चढली, आणि उंबऱ्यापाशी पालथ्या घातलेल्या तांब्याच्या हंड्याला तिने नाकाने ढोसून सरळ केलं. बराच वेळ ती आत बघत राहिली.

“हंडा आतून घासत नाहीस वाटतं,” थोरली म्हणाली.

दत्तारामच्या हातातली वात थांबली. तो उठून उभा राहिला, आणि या खेपेला खरोखरच मध्ये बोलणार होता. प्रभावतीने हाताने त्याला खाली बसवलं. तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

“हो, सासूबाई,” ती म्हणाली, आणि चिंच आणायला आत गेली.